ध चा मा होऊ नये म्हणून

आईचा कसलासा फॉर्म भरायचा होता. ती गावी, मी इकडे. ती फोनवर आधार कार्डावरचे आकडे वाचतेय आणि मी टाइप करतोय. आई आकडे जोडीजोडीनं वाचते. ती म्हणाली ‘सव्वीस’ आणि माझ्या बोटांनी 62 मारलं. मराठीत हा घोळ जुनाच आहे. तोंडात एकक आधी येतं, कागदावर दशक. 2019 साली बालभारतीनं दुसरीच्या गणितात ‘वीस सहा’ अशी वाचनाची पद्धत आणली तेव्हा आपण सगळ्यांनी पोटभर विनोद केले, पण त्यामागचं दुखणं खरं होतं. असो. बारावा आकडा टाकला आणि चौकट लाल झाली. क्रमांक चुकीचा आहे म्हणे.

हे त्या फॉर्मला कसं कळलं? देशातल्या सगळ्या आधार क्रमांकांची यादी काही त्या पानात भरलेली नसते. तिची गरजही नसते. बारा आकड्यांपैकी शेवटचा आकडा आईबद्दल काहीच सांगत नाही. तो आधीच्या अकरा आकड्यांवरून गणितानं काढलेला असतो आणि त्याचं काम एकच, राखण करणं. मी उलटे टाकलेले दोन आकडे त्या बाराव्याशी जुळले नाहीत, एवढंच झालं. ही रीत याकोबुस व्हरहूफ या डच गणितज्ञानं 1969 मध्ये मांडली. माणसं आकडे लिहिताना नेमक्या कोणत्या चुका करतात याचा त्यानं अभ्यास केला होता. एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे अदलाबदल झाले, तर ही रीत ते हमखास पकडते. एटीएम कार्डावरच्या क्रमांकाला याहून सोपी रीत वापरतात, पण तिच्यातून 09 चं 90 झालेलं निसटतं. गंमत म्हणजे डच भाषेतही सव्वीसला ‘सहा-आणि-वीस’ असंच म्हणतात. त्यामुळे व्हरहूफच्या घरीही फोनवर असेच घोळ होत असणार, अशी माझी आपली समजूत.

इथंच एक गैरसमज दूर करून घेऊ. ‘कोड’ म्हटलं की आपल्याला गुप्त भाषा आठवते, हेर आठवतात. या लेखातला कोड तो नव्हे. इथं काही लपवायचं नाही. उलट, वाटेत गोंगाट असला, कागद ओला झाला, ऐकणाऱ्याचा कान कच्चा निघाला, तरी निरोप जसाच्या तसा पोचला पाहिजे, यासाठीची ही विद्या. चूक अपघातानं होते असं ती गृहीत धरते. कुणी मुद्दाम खोडसाळपणा करत असेल, तर त्याला वेगळं शास्त्र लागतं.

आडवी बेरीज, उभी बेरीज

आधारचा शेवटचा आकडा चूक झाल्याचं सांगतो, कुठे झाली ते सांगत नाही. त्यापुढची पायरी बघायची तर कुठल्याही बचत गटाची वही उघडा. ओळीत बायकांची नावं, रकान्यांत महिने. समजा तीन जणी आणि तीन महिने, जानेवारी ते मार्च. पहिलीचे 100, 200, 100. दुसरीचे 200, 100, 150. तिसरीचे 50, 100, 250. उजवीकडे आडव्या बेरजा आल्या 400, 450, 400. खाली उभ्या बेरजा 350, 400, 500. आता वहीची नक्कल करताना कुणीतरी दुसरीच्या मार्चच्या घरात 150 ऐवजी 50 लिहिले. तपासायला बसलं की दुसरी ओळ बोंबलते, इथं 450 हवेत आणि येतायत 350. मार्चचा रकानाही बोंबलतो, 500 हवेत आणि येतायत 400. ओळ आणि रकाना जिथं एकमेकांना छेदतात तिथं चूक. दोन्हीकडे 100 कमी, म्हणजे त्या घरात 100 वाढवा. मूळ वही न बघता चूक सापडली आणि दुरुस्तही झाली.

दुरुस्त करणाऱ्या कोडचं सगळं मर्म एवढंच आहे. निरोपासोबत थोडं जास्तीचं पाठवायचं, पण ते असं बांधायचं की प्रत्येक चुकीचा ठसा वेगळा उमटेल. वेदपाठातला घनपाठ याच जातीचा. शब्द सुलटे, उलटे, पुन्हा सुलटे, पुढच्या शब्दाशी गुंफून म्हणायचे, म्हणजे एखादा सुटला की लगेच खटकतं. मात्र ‘बघा, हे सगळं आपल्याकडे आधीच होतं’ असं मी म्हणणार नाही. घनपाठात जास्तीचं किती लागतं आणि त्याहून कमीत भागेल का, हा प्रश्न तिथं कुणी मोजून विचारला नव्हता. विसाव्या शतकात नेमका तोच विचारला गेला.

विचारणारा पहिला रिचर्ड हॅमिंग. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये रिले लावलेला संगणक होता आणि हॅमिंगची गणितं त्यावर शनिवार-रविवारी, कुणी हजर नसताना चालायची. यंत्राला चूक झाल्याचं कळायचं. कळलं की ते गणित सोडून पुढच्याला हात घालायचं. सोमवारी येऊन बघावं तर काम अर्धवट. दोन आठवडे लागोपाठ असं झाल्यावर हॅमिंग वैतागला. यंत्राला चूक झाल्याचं कळतं, तर ती कुठे झाली हे का कळू नये? 1950 मध्ये त्यानं उत्तर छापलं. बिट म्हणजे 0 किंवा 1 यांतला एक आकडा. चार बिट पाठवायचे असतील तर आणखी तीन बिट जोडा. हे तीन म्हणजे तीन वेगवेगळ्या बेरजा, प्रत्येक बेरजेत चारांपैकी तीन बिट. पोचल्यावर कुठल्या बेरजा जुळत नाहीत ते बघायचं. तीन बेरजांचे ‘जुळली–नाही जुळली’ असे आठ प्रकार होतात. त्यातला एक ‘सगळं ठीक’ सांगतो आणि उरलेले सात, सातांपैकी कोणता बिट बिघडला ते. आठ प्रकार, आठ शक्यता, एकही वाया नाही.

त्याआधी दोन वर्षं, 1948 मध्ये, त्याच संस्थेतल्या क्लॉड शॅनननं मोठा निकाल लावून ठेवला होता. तोवर समजूत अशी की चुका कमी करायच्या तर निरोप परत परत पाठवायचा, आणि चुका शून्याकडे न्यायच्या तर वेगही शून्याकडे जाणार. शॅनननं सिद्ध केलं की तसं नाही. प्रत्येक वाटेची, मग ती तार असो वा रेडिओ, एक ठरलेली क्षमता असते. त्या क्षमतेच्या आतल्या वेगानं पाठवत असाल तर चुका हव्या तेवढ्या कमी करता येतात, वेग न घालवता. फक्त तसा कोड कुठला, हे त्यानं सांगितलं नाही. असा कोड आहे, एवढंच दाखवलं. मग चाळीसेक वर्षं इंजिनिअर तो शोधत राहिले. 1993 मध्ये फ्रान्समध्ये टर्बो कोड निघाले आणि मर्यादा हाताच्या अंतरावर आली. त्यानंतर लोकांच्या ध्यानात आलं की रॉबर्ट गॅलेगरनं 1960 च्या सुमारास आपल्या प्रबंधात असंच काहीतरी लिहून ठेवलंय. तेव्हाच्या संगणकांना ते झेपण्यासारखं नव्हतं म्हणून ते धूळ खात पडलं होतं. आज 5जी फोनमधला डेटा गॅलेगरच्या कोडवरच चालतो.

शॅननची विसरलेली पीएचडी

शॅननची पीएचडी कशात होती? विद्युत यंत्रांत नाही, टेलिफोनमध्ये नाही. आनुवंशिकीत! एमआयटीत 1940 साली त्यानं दिलेल्या प्रबंधाचं नाव ‘सैद्धांतिक आनुवंशिकीसाठी एक बीजगणित’. व्हॅनेव्हार बुश या त्याच्या वडीलधाऱ्यानं सुचवलं म्हणून 1939 च्या उन्हाळ्यात तो कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या आनुवंशिकी संशोधन केंद्रात बार्बरा बर्क्स या संशोधिकेकडे गेला. त्याला आनुवंशिकीचा गंधही नव्हता, पण वर्षभरात त्यानं पिढ्यांमागून पिढ्या गुणांची सरमिसळ कशी होते याचं गणित मांडलं. ते कुठल्याही नियतकालिकात छापलं नाही आणि तो स्वतः दुसऱ्या नादाला लागला. प्रबंध छापून आला तो थेट 1993 मध्ये, त्याच्या समग्र लेखनात.

त्या वेळी जनुक म्हणजे नक्की कसला पदार्थ हेच ठाऊक नव्हतं. डीएनएचा दुहेरी गोफ 1953 मध्ये कळला. मग मात्र सगळ्यांना एकदमच साक्षात्कार झाला, की अरे, हे तर लिखाण आहे. चार अक्षरं, ए, सी, जी, टी. आणि शरीरातली प्रथिनं म्हणजे वीस प्रकारच्या मण्यांच्या माळा. ते मणी म्हणजे अमिनो आम्लं. चार अक्षरांच्या भाषेतून वीस मण्यांच्या भाषेत तर्जुमा होतो, तर मधला शब्दकोश कुठला? जॉर्ज गॅमॉव्ह या भौतिकशास्त्रज्ञानं 1954 मध्ये एक तोडगा छापला. शिवाय या प्रश्नासाठी वीस जणांचा ‘आरएनए टाय क्लब’ काढला, दर सभासदाला एक अमिनो आम्ल आणि गळ्यात नक्षीदार टाय. गॅमॉव्हचा तोडगा चुकला, पण कोड फोडायचा खेळ सुरू झाला.

एवढं सगळ्यांना पटलं होतं की शब्द बहुधा तीन अक्षरी असणार. दोन अक्षरांचे शब्द होतात सोळा, ते वीस मण्यांना पुरत नाहीत. तिनांचे होतात चौसष्ट, ते उतू जातात. मग उरलेल्या चव्वेचाळिसांचं काय? आणि शब्दांमध्ये मोकळी जागा नाही, तर वाचायला कुठून सुरुवात करायची?

फ्रान्सिस क्रिक, जॉन ग्रिफिथ आणि लेस्ली ऑर्गेल यांनी 1957 मध्ये जे उत्तर दिलं ते समजायला एक मराठी वाक्य घेऊ. ‘मदन सरळ सडक पकड’. चार शब्द, प्रत्येकी तीन अक्षरं. मोडी लिहितात तसं जागा न सोडता लिहा. ‘मदनसरळसडकपकड’. आता चुकून दुसऱ्या अक्षरापासून वाचा. ‘दनस, रळस, डकप’. तिसऱ्यापासून वाचा. ‘नसर, ळसड, कपक’. एकही शब्द कोशात नाही. म्हणजे चुकीच्या जागी सुरुवात झाली तर ती आपोआप उघडी पडते, स्वल्पविराम लागत नाहीत. निसर्गाचा कोशही असाच असेल, असं या तिघांचं म्हणणं. तसं असेल तर ‘ककक’ हा शब्द चालणार नाही, कारण ‘कककककक’ कुठूनही वाचलं तरी ‘ककक’च. चार अक्षरांचे असे चार शब्द बाद. उरले साठ. शिवाय ‘कमळ’ घेतला तर ‘मळक’ आणि ‘ळकम’ घेता येत नाहीत, कारण ‘कमळकमळ’मध्ये ते दोन्ही दडलेले आहेत. म्हणजे दर तिनातून एकच. साठ भागिले तीन, वीस!

नेमके वीस. आकडा असा चपखल बसल्यावर कुणाला मोह आवरेल? गणितज्ञही धावले. सॉलोमन गोलॉम्ब आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1958 मध्ये अशा कोडचं रीतसर गणित उभं केलं. ते गणित आजही पक्कं आहे.

निसर्गाला मात्र त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. मे 1961 मध्ये, वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डाला, मार्शल नीरेनबर्ग आणि हाइनरिख माथेई या दोन जवळजवळ अनोळखी संशोधकांनी पेशींचा रस काढून त्यात बनावट आरएनए टाकला. आरएनए ही डीएनएची कामापुरती नक्कल. तिच्यात टीच्या जागी यू असतो. यांच्या आरएनएत नुसते यू होते, यू-यू-यू-यू, दुसरं काही नाही. रसातून एकाच मण्याची माळ बाहेर आली, फेनिलअलॅनिन. शब्दकोशातला पहिला शब्द सापडला आणि तो होता ‘यूयूयू’. सिद्धांतानं ज्या चार शब्दांना दारातच अडवलं होतं, त्यांतलाच एक. टाय क्लबच्या सभासदांत दोघांचंही नाव नव्हतं.

त्यानंतर कोश भराभर भरला. अविभाजित पंजाबातल्या रायपूर नावाच्या खेड्यात जन्मलेल्या हरगोविंद खुराना यांनी विस्कॉन्सिनमध्ये ठरवून घडवलेल्या आरएनए साखळ्या बनवल्या. ‘यूसीयूसीयूसी’ टाकलं तर सेरीन, ल्युसिन, सेरीन, ल्युसिन अशी आलटून पालटून माळ येते. म्हणजे ‘यूसीयू’ आणि ‘सीयूसी’ हे दोन शब्द त्या दोघांचे. 1966 पर्यंत चौसष्टही शब्द लागले, आणि 1968 चं नोबेल खुराना, नीरेनबर्ग आणि रॉबर्ट हॉली यांना मिळालं.

मला ही गोष्ट विज्ञानाच्या इतिहासातली सगळ्यात शिकवून जाणारी वाटते. आकडा चपखल बसला म्हणून निसर्ग तसाच असेल असं नाही. शॅननला ते आधीच उमगलं होतं म्हणायचं. 1956 मध्ये त्यानं छोटंसं टिपण लिहून बजावलं होतं की माझ्या सिद्धांताच्या वरातीत जो तो नाचायला लागलाय, जरा दमानं घ्या.

निसर्गाची वही

मग निसर्गाचा कोश आहे तरी कसा? चौसष्टपैकी तीन शब्द पूर्णविराम. उरलेले एकसष्ट शब्द वीस मण्यांना वाटलेले, पण सारखे नाहीत. ल्युसिनला सहा, ट्रिप्टोफॅनला एकच. इंजिनिअरच्या नजरेला हे गबाळं वाटतं. चुका दाखवणारी बेरीजही यात नाही. मग चूक झाली तर?

चूक म्हणजे आपला ‘ध चा मा’. 1773 मध्ये शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला. आख्यायिका अशी की पत्रात ‘नारायणरावांस धरावे’ होतं आणि आनंदीबाईनं त्याचं ‘मारावे’ केलं. जनुकांतला खराखुरा ‘ध चा मा’ बघायचा तर विदर्भात किंवा नंदुरबारला जावं लागेल. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘सिकलसेल’ हा शब्द शाळकरी पोरांनाही ठाऊक असतो. बोटातून थेंबभर रक्त घेऊन सोल्युबिलिटी टेस्ट करतात. ती पॉझिटिव्ह आली तर पुढच्या तपासणीत माणूस नुसता वाहक आहे की रुग्ण, ते कळतं. हिमोग्लोबिनमधल्या एका माळेत 146 मणी असतात. त्यातल्या सहाव्या मण्याचा शब्द ‘जीएजी’ असा हवा, तो ‘जीटीजी’ झालेला असतो. एका अक्षराचा फरक. पाण्याशी जमवून घेणाऱ्या ग्लुटामिक आम्लाच्या जागी पाण्यापासून पळणारं व्हॅलिन बसतं. मग प्राणवायू सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून दोरे होतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. दुखणं सुरू.

पण त्याच शब्दाचं दुसरं अक्षर न बदलता तिसरं बदललं असतं तर? ‘जीएजी’चं ‘जीएए’ झालं तर काहीच होत नाही, तोही ग्लुटामिक आम्लाचाच शब्द. ‘जीएसी’ किंवा ‘जीएटी’ झालं तर ॲस्पार्टिक आम्ल येतं. ते ग्लुटामिकचं धाकटं भावंड, स्वभाव जवळपास तोच. म्हणजे निसर्गाच्या कोशात शेजारच्या शब्दांचे अर्थही शेजारचेच ठेवलेले आहेत. ब्रिटनमधल्या स्टीफन फ्रीलंड आणि लॉरेन्स हर्स्ट यांनी 1998 मध्ये संगणकावर दहा लाख काल्पनिक कोश बनवून तपासले. एका अक्षराच्या चुकीनं होणारं नुकसान सरासरीनं कमी ठेवण्यात निसर्गाच्या कोशावर मात करणारा त्या दहा लाखांत एकच निघाला. हॅमिंग चूक शोधून खोडतो. इथं चूक तशीच राहते, पण ती शक्यतो अंगाला लागत नाही.

आणि खोडण्याचं काम? ते कोशाबाहेर होतं, यंत्रसामग्रीकडून. आपली एक पेशी दुभंगताना सुमारे 600 कोटी अक्षरं उतरवायची असतात. नक्कल करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, स्वतः लाखातलं एखादं अक्षर चुकतं. ते लगेच मागं वळून बघतं आणि बहुतेक चुका खोडतं, मग प्रमाण कोटीत एकावर येतं. त्याच्यामागून दुरुस्ती पथक फिरतं आणि शेवटी अब्जात एखादी चूक उरते. पथकाला हे जमतं ते दुहेरी गोफामुळे. समोरासमोरच्या दोन पट्ट्यांत एकीकडे ए असेल तर दुसरीकडे टी, जी असेल तर सी. म्हणजे प्रत्येक पानाची आरशातली प्रत शेजारीच. पण दोन प्रती जुळल्या नाहीत तर खरी कुठली? ई. कोलाय जिवाणूत याचं उत्तर फार झकास आहे. जुन्या पट्टीवर ठरावीक जागी मेथिल या छोट्या रासायनिक गटाचे शिक्के असतात, नव्या पट्टीवर ते उमटायला थोडा वेळ लागतो. तेवढ्या वेळात पथक येतं, बिनशिक्क्याची प्रत धरतं आणि तीच दुरुस्त करतं. हे उलगडणाऱ्या पॉल मॉड्रिचला आणखी दोघांसोबत 2015 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

बचत गटासारख्या उभ्या-आडव्या बेरजा डीएनएत कुठेतरी दडलेल्या असतील, ही आशा मात्र काही संशोधकांनी सोडली नव्हती. 1996 मध्ये लॅरी लीबोविच आणि त्याच्या साथीदारांनी दोन जनुकांच्या अक्षरमाळांत अशा साध्या कोडचा पद्धतशीर शोध घेतला. मिळाला नाही. मला त्याचं नवल वाटत नाही. शॅननच्या जगात पाठवणारा कोणीतरी असतो आणि त्याचा निरोप तसाच्या तसा पोचणं हेच यश. निसर्गात मूळ प्रत पवित्र नाही. सिकलसेलचा वाहक, म्हणजे ज्याला एका पालकाकडूनच तो ‘जीटीजी’ आलाय, त्याला हिवतापाच्या जिवावरच्या दुखण्यापासून बरंच संरक्षण मिळतं. म्हणून तर हिवतापाच्या मुलखात ही चूक टिकली. एकही चूक न करणारी पेशी असती तर आपण सगळे अजून जिवाणूच असतो.

गळलेलं अक्षर

आता गाडी उलटी फिरलीय. डीएनएत कोड शोधण्याऐवजी इंजिनिअर डीएनएत कोड भरतायत, कारण त्यांना त्याची वही करायचीय. डीएनए फार दाट साठवतो. 2017 मध्ये यानिव्ह एर्लिख आणि डिना झिलिन्स्की यांनी एका ग्रॅममध्ये 215 पेटाबाइट, म्हणजे एकवीस कोटींहून जास्त गिगाबाइट, बसतील असा हिशेब दाखवला. खर्च विचाराल तर दोन मेगाबाइट लिहायला सात हजार डॉलर आणि वाचायला आणखी दोन हजार. त्यांनी वापरलेल्या कोडला कारंज्याचा कोड म्हणतात. फाइलचे तुकडे वेगवेगळ्या जुळणीनं मिसळून हवे तितके थेंब करायचे. ओंजळीत कुठले थेंब पडले याला महत्त्व नाही, पुरेसे पडले की फाइल पूर्ण. डीएनएचे काही तुकडे हमखास हरवतात, तिथं हे उपयोगी पडतं. केंब्रिजजवळच्या युरोपियन बायोइन्फर्मेटिक्स इन्स्टिट्यूटमधल्या निक गोल्डमनच्या गटानं 2013 मध्ये वेगळी युक्ती केली होती. ‘एएएए’ अशी तीच ती अक्षरं सलग आली की वाचणारं यंत्र मोजायला चुकतं. म्हणून त्यांनी प्रत्येक वेळी मागचं अक्षर सोडून उरलेल्या तिनांतलंच एक घ्यायचं ठरवलं.

पण डीएनए लिहिताना-वाचताना एक वेगळीच चूक होते, ती हॅमिंगच्या यंत्रात नव्हती. अक्षर बदलत नाही, सरळ गळतं. मदनला पुन्हा बोलावू. ‘सडक’चं ‘सरक’ झालं तर एकच शब्द बिघडतो. पण ‘द’ गळला तर काय होतं? ‘मनस रळस डकप कड’. तिथून पुढचं सगळं वाक्य कामातून गेलं. जनुकांत असं झालं की प्रथिनाचा शेवटपर्यंत विचका होतो. क्रिक आणि सिडनी ब्रेनर यांच्या गटानं 1961 मध्ये याच विचक्याचा उपयोग केला. एक अक्षर घातलं, बिघाड. दोन घातली, बिघाड. तीन घातली की मधला तुकडा सोडून पुढचं पुन्हा नीट. आपल्या वाक्यातून ‘द’, ‘स’, ‘र’ काढून बघा. ‘मनळ सडक पकड’. गाडी रुळावर येते. शब्द तीन अक्षरी असल्याचा पुरावा त्यांनी असा मिळवला.

गळलेल्या अक्षरांचं गणित मॉस्कोत व्लादिमीर लेव्हेनश्टाइननं 1965 मध्ये मांडलं. एका माळेवरून दुसरीवर जायला कमीत कमी किती अक्षरं घालावी, गाळावी, बदलावी लागतील, हे त्याचं माप. मोबाइलचा कीबोर्ड शुद्धलेखन सुचवताना अशीच मापं वापरतो, आणि दोन प्राण्यांची जनुकं शेजारी ठेवून नातं शोधणारे जीवशास्त्रज्ञही त्याच जातीचं गणित करतात.

अक्षर पुसलं गेलं पण त्याची जागा रिकामी दिसत असेल, तर शॅननचं सूत्र शाळकरी पोरालाही सांगता येईल. दहा टक्के पुसलं, तर नव्वद टक्क्यांएवढी माहिती बिनचूक पोचवता येते. पण जागाही उरली नाही, बाकीची अक्षरं सरकून एकमेकांना चिकटली, तर किती पोचवता येईल? या वाटेची क्षमता सांगणारं नेमकं सूत्र 1948 पासून आजवर कुणाला सापडलेलं नाही. प्रयोगशाळा तोवर थांबून राहत नाहीत. एकाच डीएनए तुकड्याची अनेक वाचनं शेजारी शेजारी लावायची आणि कुठे कुठलं अक्षर गळलंय ते ताडून काढायचं. पुण्यात भांडारकर संस्थेत विद्वानांनी महाभारताच्या हजारावर पोथ्या पुढ्यात घेऊन पाठ मुक्रर केला, त्याच रीतीनं.